बोटीवर राहणाऱ्यांनो, वादळ आलं की आता तुम्ही काय करता?

दोरखंड (धागाकर्ता)

आम्ही दोघं साडेनऊ मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर राहतो, सहा वर्षं होत आली. सुट्टीपुरतं नव्हे, कायमचं. झोप तिथेच, लॅपटॉपवरचं पोटापाण्याचं काम तिथेच, आणि भांडण झालं तर रुसून जायला सगळी मिळून दोन दारं. त्यातलं एक संडासाचं.

धागा काढायचं कारण गेल्या महिन्यातली एक रात्र. वाऱ्याचा अंदाज १२ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), मधूनच फार तर २० चे झोत. खाडी तिन्ही बाजूंनी बंद, तळाला चिकट गाळ. नांगर दुपारीच पाण्यात उतरून डोळ्यांनी पाहिलेला, पार आत रुतलेला. निवांत झोपायला काहीच हरकत नव्हती. पावणेतीनला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. डोलकाठीवर दोऱ्या रात्रभर टकटक करत असतात, त्या गप्प झाल्या होत्या. वारा पार पडला होता आणि हवा एकदम गार. मी डोकं बाहेर काढेपर्यंत तो आलाच. मापकावर ५१ वाचला, पुढे वाचायला सवड झाली नाही.

ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांच्यासाठी: वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. १७ नॉटला नांगरावर जो ताण येतो, त्याच्या नऊपट ५१ ला. एरवी साखळीला पाण्याखाली झोळ असतो, तोच धक्के पोटात घेतो. त्या रात्री झोळ नावाला उरला नव्हता. साखळी सरळ काठीसारखी ताठ, आणि सगळा भार स्नबरवर, म्हणजे साखळीला अडकवून बोटीला बांधलेल्या ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या दोरावर. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पालथं पडून टॉर्च मारला तर भर पावसात त्या दोरातून वाफ निघत होती. बायको मागे इंजिन हळू पुढे मारत होती, साखळीवरचा ताण कमी व्हावा म्हणून. वीस-पंचवीस मिनिटांत खेळ संपला. आमचा नांगर धरून राहिला. शेजारच्या दोन बोटी खडकावर गेल्या. माणसं वाचली.

सकाळी स्नबर सोडवला. तो कडेला घासू नये म्हणून मी मोठ्या शहाणपणाने त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवला होता. नळीने घासणं थांबवलं, पण पावसाचं पाणीही आत जाऊ दिलं नाही, आणि नायलॉन ताणून-सैलावून आतल्या आत तापत राहिलं. नळी कापली तर आत दोर नव्हता, एक कांडी होती. तिन्ही पेड एकमेकांत वितळून काचेसारखे कडक झालेले. बोटाने वाकवली आणि कट्कन मोडली. अजून पाच मिनिटं वारा टिकला असता तर हा धागा निघाला नसता.

आता मुद्दा. हे चक्रीवादळ नव्हतं, हंगामही वादळांचा नव्हता. आम्ही या आयुष्यात आलो तेव्हा सगळं कॅलेंडरवर चालायचं. अमुक महिन्यात अमुक समुद्र सोडायचा, तमुक महिन्यात परत यायचं. आता कॅलेंडरवर भरवसा उरला नाही, अंदाजही असे दगा देतात. कॉर्सिकात १८ ऑगस्ट २०२२ ला भर सुट्टीच्या दिवसांत ताशी २२० किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले. लोक सकाळची कॉफी पीत होते. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीत पोर्तिचेल्लोसमोर ५६ मीटरची 'बायेशियन' नांगरावर असतानाच बुडाली, ७ जण गेले. आमची बोट तिच्या सहाव्या हिश्श्याएवढी.

तर तुम्ही काय करता? कुठल्या आकड्याला उठून बसता, कुठल्या आकड्याला बोट सोडता? आणि तो आकडा आधी ठरवलाय, की आमच्यासारखं 'बघू तेव्हाचं तेव्हा'?

---

कोरडवाहू

जबरदस्त लिहिलंय, वाचनखूण साठवली. मी आयुष्यात बोटीवर रात्र काढलेली नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. एवढी धास्ती असेल तर उघड्यावर नांगर टाकून कशाला राहायचं? सरळ मरिनात धक्क्याला बांधून का ठेवत नाही?

---

दोरखंड

@कोरडवाहू, प्रश्न बाळबोध नाही, आम्हीही पहिली दोन वर्षं तेच करायचो. साध्या वादळात धक्का उत्तम. पण मोठ्या वादळात पाणी चढतं. तरंगते धक्के उभ्या खांबांवर सरकत वर येतात, आणि खांबांपेक्षा पाणी वर गेलं की अख्खा धक्का बोटींसकट सुटून निघतो. शिवाय तुमची बोट तुम्ही कितीही नीट बांधा, शेजाऱ्याने मामुली दोरीने बांधली असेल तर त्याची बोट तुमच्यावर येणार. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ आलं तेव्हा कॅरिबियनमधल्या टोर्टोला बेटावरच्या पाराकिटा बे मध्ये शेकडो बोटी अशाच दाटीने आश्रयाला बांधल्या होत्या. वादळानंतरचे तिथले फोटो पाहा. काड्यापेटी उपडी करावी तशा बोटी पडल्यात.

---

निळी_रेघ

उशिरा आले धाग्यावर. वीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली अकरा चक्रीवादळांच्या पट्ट्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमच्या विमा पॉलिसीत एक ओळ असायची: १ जून ते ३० नोव्हेंबर बोट १२ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला हवी. कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या सगळ्यांना ती पाठ. ग्रेनाडा बरोबर त्या रेघेवर, म्हणून पावसाळा आला की सगळी जत्रा ग्रेनाडाला. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन चक्रीवादळ थेट तिथेच आलं. लोक म्हणाले, अपवाद. मीही म्हणाले. मग १ जुलै २०२४ ला बेरिल ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं, पाचांतल्या श्रेणी ४ चं. दुसऱ्या दिवशी ते श्रेणी ५ ला पोचलं. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या लवकर श्रेणी ५ झालेलं दुसरं वादळ नाही. कॅरियाकूच्या टिरेल बे मधलं खारफुटीचं खाजण म्हणजे आमच्या पिढीचा हमखास आसरा. बोट आत घालायची, खारफुटीच्या मुळांना कोळ्यासारखं जाळं विणून बांधायची, झालं. बेरिलनंतर त्याच खाजणात बोटी एकमेकींवर चढलेल्या होत्या आणि खारफुटीला पान उरलं नव्हतं. माझी मैत्रीण तिथे होती. ती सांगते, हिरव्याचं एका रात्रीत तपकिरी झालं, जणू आग लागून गेली.

तेव्हा दोरखंड, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: वाऱ्याचा आकडा ठरवू नका, दिवसांचा ठरवा. आपल्यासारख्या बोटी ५ नॉटने चालतात, दिवसाला १२० सागरी मैल. वादळ १०-१५ नॉटने सरकतं. शर्यत लावायची सोयच नाही, फक्त लवकर निघणं हातात आहे. पाच दिवस आधीच्या अंदाजात वादळाचं केंद्र दोनेकशे मैलांनी चुकतं, आणि तरी निर्णय तेव्हाच घ्यावा लागतो. म्हणजे दहातल्या सात वेळा आपण उगीच पळतो. लोक हसतात. हसू देत.

आणि पळणं जमलं नाही तर बोट बांधायची आणि आपण उतरायचं. यावर मला वाद नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस आदल्या सकाळी साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं. मध्यरात्रीनंतर मेक्सिकोत अकापुल्कोला धडकलं ते श्रेणी ५ चं. तिथे मेलेल्यांमध्ये बोटी सांभाळायला बोटींवरच थांबलेले खलाशी होते. शंभर नॉटमध्ये माणूस डेकवर उभा राहू शकत नाही, श्वाससुद्धा तोंड फिरवून घ्यावा लागतो. तिथे थांबून करणार काय?

---

साखळदंड

+१ निळी_रेघ.

दोरखंड, रबरी नळी ही चूक नव्वद टक्के लोक करतात. पाणी आत जाईल असं विणलेल्या पॉलिस्टरचं आवरण घाला. आणि स्नबर एक नको, दोन हवेत, वेगवेगळ्या लांबीचे, म्हणजे एक तुटला की दुसरा भार घेईल.

बाकी लोकांसाठी, साखळीचं गणित बहुतेकांचं चुकतं म्हणून लिहितो. खोली ५ मीटर, सात पट सोडायची, म्हणून ३५ मीटर सोडली आणि झोपले. अरे, नाळेची उंची? ती १ मीटर धरा. भरतीचं पाणी? २ मीटर. झाले ८, म्हणजे साखळी ५६ मीटर हवी. तुमच्या ३५ मध्ये भरतीला सात पट नाही, साडेचार पटसुद्धा भरत नाही. यात वादळाचं चढलेलं पाणी अजून धरलेलंच नाही. हवेचा दाब १ हेक्टापास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर चढतो. केंद्रात ९५० दाब असेल तर नुसत्या दाबानेच ६० सेंटीमीटर. वाऱ्याने लोटून आणलेलं पाणी वेगळं, आणि ते कितीतरी जास्त. त्यातून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठ पडलं तर विचारू नका. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवशी तेच वादळ परवडतं.

आणि वारा अडेल असं सगळं उतरवा. पुढचं गुंडाळलेलं शीड नुसतं घट्ट गुंडाळून चालत नाही, काढून खाली ठेवा. मी पाहिलेल्या वाहून गेलेल्या बोटींत निम्म्यांचं शीड वादळात सुटलं होतं. एकदा कोपरा सुटला की अख्खं शीड उलगडतं आणि मग नांगराचा बाप आला तरी बोट थांबत नाही. छत, रबरी होडी, सोलर पॅनेलं, सगळं खाली. अर्धा दिवस जातो. कंटाळा येतो. करा.

---

शंकासूर

लेख रंजक आहे, पण प्रत्येक वादळाच्या गळ्यात हवामानबदलाची पाटी अडकवायची फॅशन झालीय. १९७९ ची वादळात सापडलेली फास्टनेट ही शिडाच्या बोटींची शर्यत विसरलात? ३०३ बोटी निघाल्या, १५ स्पर्धक मेले. तेव्हा कुठे होतं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग? समुद्र आधीही असाच होता. फरक इतकाच की आता बोटी वाढल्या, कॅमेरे वाढले आणि हौशी लोक वाढले.

---

तापमापक

@शंकासूर, अर्धं बरोबर बोललात. एका वादळावर बोट ठेवून 'हे हवामानबदलामुळेच' असं म्हणणं चूक आहे. आणि जगभरातल्या चक्रीवादळांची एकूण संख्या वाढतेय असंही शास्त्रज्ञ म्हणत नाहीत.

ते काय म्हणतात ते बघा. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २०२१ च्या अहवालानुसार गेल्या चार दशकांत एकूण वादळांमध्ये श्रेणी ३ ते ५ च्या वादळांचा वाटा वाढला असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे पोरं तितकीच, पण दांडगट जास्त. कारण साधं आहे. चक्रीवादळाला इंधन म्हणून साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, आणि तसं पाणी आता जास्त जागी, जास्त खोल आणि जास्त दिवस मिळतं. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊसही तसाच कोसळतो.

बोटीवरच्या माणसाला यातला खरा घोर वादळ झपाट्याने दांडगं होण्याचा आहे. ओटिससारखं बारा-पंधरा तासांत रूप बदलणारं वादळ निळी_रेघ यांच्या पाच दिवसांच्या नियमालाही दाद देत नाही.

---

भांग_उधाण

शंकासूर यांनी फास्टनेट काढलंच आहे तर त्यातला कामाचा भाग सांगतो. त्या शर्यतीत २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या. त्यातल्या ५ बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगतच सापडल्या, आणि मेलेल्यांतले काही जण लाइफराफ्टमध्ये, म्हणजे जीव वाचवायच्या रबरी तराफ्यात, उतरल्यावर गेले. तेव्हापासून शिकवतात: लाइफराफ्टमध्ये वर चढून जायची वेळ आली तरच जा, म्हणजे बोट पायाखालून जातच असेल तेव्हा. हे निळी_रेघ यांच्या म्हणण्याच्या उलट वाटेल, पण नाही. किनाऱ्याजवळ असाल तर वादळाआधी बोट सोडा. भर समुद्रात असाल तर शेवटपर्यंत सोडू नका.

भर समुद्रात मी दोनदा सापडलो. लाटांचा अंदाज ४ मीटर येतो तेव्हा ती सरासरी असते, सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची. अधूनमधून तिच्या दुप्पट येते. दुसऱ्या वेळी माझ्याकडे जॉर्डन ड्रोग होतं: लांब दोराला शिवलेले कापडी शंकू, माझ्या बोटीला शंभरेक लागतात. तो दोर मागे सोडला की बोट लाटेवरून घसरत सुटत नाही. टाकल्यावर आम्ही १९ तास आत दार लावून पडून होतो. मागून लाट यायची, बोट एकदम कुणीतरी कॉलर धरल्यासारखी थांबायची, आणि लाट जायची पुढे. पहिल्यात ते नव्हतं. पहिल्याबद्दल लिहायचं नाही मला.

---

ओलंचिंब

सगळे वादळांवर बोलतायत. वादळ वर्षातून दोनदा येतं हो, उकाडा रोज असतो.

आम्ही तिघं बोटीवर, मुलगी पाच वर्षांची. गेली दोन वर्षं उन्हाळ्यात केबिनमध्ये रात्री अकरालासुद्धा ३४ अंश. खालचं पाणीच ३१ असेल तर बोटीचं बूड गार होणार कुठून? पूर्वी बुडाला टेकून दुधाच्या पिशव्या ठेवायचो, छान राहायच्या. आता तिथे ठेवलं की संध्याकाळपर्यंत नासतं. फ्रिज थांबायचं नाव घेत नाही, बॅटरी पहाटेच मान टाकते. बुडावर शेवाळ आणि कालवं इतक्या वेगाने धरतात की पूर्वी दोन महिन्यांनी खरवडायचो ते आता तीन आठवड्यांनी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर सोसाट्याचा पाऊस, बंद ठेवाव्यात तर गुदमरतो आणि गाद्यांखाली बुरशी.

त्यात सर्गासम. २०११ पासून अटलांटिकमध्ये या तपकिरी शेवाळाचा पट्टा जवळजवळ दरवर्षी येतो. खाडीत साठून कुजलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास. नुसता वास असता तर नाक दाबलं असतं. आमच्या विजेच्या जोडण्यांचं तांबं महिन्यात काळं पडलं. चांदीचे पैंजण डब्यात ठेवलेले, तेही काळे. मुलीला वाटलं, आपल्या हातून बिघडले. रडत बसली होती.

वादळाची योजना कागदावर आहे आमच्याकडे. उकाड्याची नाही. तिचं काय करायचं ते कुणी सांगेल का?

---

साखळदंड

@ओलंचिंब, पूर्ण बोट झाकेल असं पांढरं कापडी छत, डेकपासून हातभर उंच, कडेने हवा खेळेल असं. चार-पाच अंशांचा फरक पडतो, माझ्या बोटीवर मोजलाय. पण वारा २५ च्या वर जाणार असेल तर उतरवायचंच, नाहीतर तेच शीड होतं. जोडण्यांना तेल किंवा ग्रीस लावून हवाबंद टेप गुंडाळा.

---

निळी_रेघ

@ओलंचिंब, जास्त अक्षांशाला जा. चेष्टा नाही करत. आम्ही गेलो.

---

शंकासूर

बरं, तापमापक यांचं पटलं म्हणू या. मग एक सांगा. फायबरग्लासच्या बोटीत राहायचं, डिझेल जाळायचं, विमानाने घरी जाऊन यायचं, आणि वर हवामानाची काळजी. हे कसं काय?

---

दोरखंड

@शंकासूर, लागलं. खोटं बोलत नाही.

आमची पॅनेलं ४०० वॅटची, त्यावर दिवे, फ्रिज, लॅपटॉप सगळं भागतं. पाणी दोघांत मिळून दिवसाला पंधरा लिटर. घरी असताना एवढं एका आंघोळीला जायचं. इथवर मी छाती काढून सांगायचो. मग एकदा बायकोने हिशेब मांडला आणि गेल्या वर्षीची दोन विमान-प्रवासांची तिकिटं पुढे ठेवली. इंजिनाच्या वर्षभराच्या डिझेलपेक्षा तेच भारी निघाले. आणि बोट जुनी झाली की फायबरग्लासचं काय करायचं याचं धड उत्तर कुणाकडेच नाही. तेव्हा 'आम्ही निसर्गाजवळ राहतो' वगैरे मी बोलायचं सोडलंय. जवळ राहतो एवढं खरं. भिंत चार सेंटीमीटरची आहे, पलीकडे काय चाललंय ते आधी कळतं.

सगळ्यांचं वाचून आम्ही काल बसून कागद लिहिला. निळी_रेघ, तुमचा दिवसांचा नियम घेतला: नाव मिळालेलं वादळ आणि आमच्यात पाच दिवसांचं अंतर उरलं की चर्चा नाही, निघायचं. निघता आलं नाही तर बोट बांधून दोघांनीही उतरायचं. 'दोघांनीही' हा शब्द बायकोने दोनदा अधोरेखित केलाय, कारण ती मला ओळखते. तापमापक म्हणतात तशा झपाट्याच्या वादळाला हा नियम पुरणार नाही, म्हणून खाली एक ओळ जोडली: पाणी २९ अंशांच्या वर आणि अंदाजाच्या दोन मॉडेलांत मेळ नसेल, तर धोक्याचंच मॉडेल खरं धरायचं. शास्त्र किती आहे यात माहीत नाही, पण झोप लागते.

---

कोरडवाहू

कागद कुठे लावलाय? कुतूहल म्हणून विचारतोय.

---

दोरखंड

@कोरडवाहू, संडासाच्या दारावर, आतून.

काल रात्रीही अंदाज १२ नॉटचाच होता. स्नबर दोन लावले, छत उतरवलं. वारा ९ च्या वर गेला नाही. पहाटे उठून छत परत बांधताना बायको म्हणाली, "दहातली पहिली."